नवऱ्याची बाजू मांडताना

तिलक नगरातल्या त्या घरी दर रविवारी सकाळी वाद व्हायचा. भांडण नव्हे, वाद. घर एका निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञाचं होतं. मूळचे वर्ध्याकडचे, पण केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या होत होत जयपूरला पोचलेले आणि निवृत्तीनंतर 'यंदा परत जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ' असं म्हणता म्हणता इथंच राहिलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला काकू. येणारे आम्ही बदलीच्या नोकऱ्यांमुळे इथं येऊन पडलेले लोक. कुणी बँकेत, कुणी विम्यात, एकदोन पोरं कॉम्प्युटरच्या कंपनीत. परमुलखात गणपतीचे पाच दिवस सोडले तर मराठी माणसाला एका खोलीत बसवून ठेवायला दोनच गोष्टी कामाला येतात, पोहे आणि मतभेद. काकांकडे दोन्ही मुबलक असायचं.

वादाचा नियम एकच. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. नुसतं उरकायचं नाही, त्याच्या मनासारखं मांडायचं. ऐकून समोरचा 'हेच' म्हणाला, तरच आपल्याला बोलायचा हक्क. जुने शास्त्री आधी पूर्वपक्ष मांडत आणि मगच खंडन करत, ते काकांनी आपल्या आजोबांकडून ऐकलं होतं आणि दगडांच्या नोकरीत जन्म गेला तरी सोडलं नव्हतं. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. माणूस समोरच्याचं ऐकतो ते फक्त त्यात फट कुठं आहे ते शोधण्यापुरतं. आमच्यात सोलापूरचे एक बँकेतले साहेब होते, आवाज असा की समोरच्या घरातली कबुतरं उडावीत. ते यायला लागल्यापासून त्यांना एकदाही 'हेच' मिळालं नव्हतं. समोरच्याचं म्हणणं ते सुरू करायचे, "यांचं म्हणणं असं की," आणि पुढं जे सांगायचे त्याचा समोरच्याशी काडीचाही संबंध नसायचा. मग काका हात वर करायचे, साहेब पोह्यांची दुसरी बशी घ्यायचे आणि रविवार पार पडायचा.

काकांच्या व्हरांड्यात बसायला एक मोठी शिळा होती. लालसर करडी, आणि वरच्या बाजूला अंगावर लाटा उमटलेली. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं कुणी पाथरवटानं कोरल्या असतील. काका म्हणाले, पाण्यानं केल्या आहेत. जिथं आज अरवली आहे तिथं कधीकाळी उथळ समुद्र होता, त्याच्या काठच्या वाळूवर एका दिवशी पाणी हललं, वाळूवर वळ्या पडल्या, वरून दुसरी वाळू पसरली, आणि सगळ्याचा दगड झाला. शंभर कोटी वर्षांहून जुनी गोष्ट. तेव्हा जमिनीवर गवताचं पातंसुद्धा नव्हतं. मी भौतिकशास्त्र शिकवणारी बाई, मोठमोठे आकडे फळ्यावर रोज लिहिते, पण त्या वळ्यांवर तळहात ठेवला आणि माझ्या अंगावर काटा आला. बोटांना बरोब्बर बसत होत्या त्या. एका दुपारचं पाणी, आणि ते अजून तिथं होतं.

ही २००२ च्या उन्हाळ्यातली हकिगत. मी तेव्हा मालवीय नगरमध्ये एका क्लासमध्ये बारावीच्या आणि इंजिनिअरिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना शिकवायचे. नवरा विमा कंपनीत, दाव्यांच्या खात्यात. म्हणजे कुणी गेलं की त्याची फाइल याच्या टेबलावर. शांत माणूस. इतका शांत की माझ्यासारख्या तापट बाईला कधीकधी भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. त्या वर्षी हिवाळ्यापासून दोन्ही देशांची फौज सीमेवर समोरासमोर उभी होती. उन्हाळा चढला तसं युद्धाचं बोलणं वाढलं. अणुबॉम्ब पडला तर घरात कुठं बसावं, खिडक्यांचं काय करावं, असलं काहीबाही वर्तमानपत्रात छापून यायला लागलं. आमच्या गल्लीतल्या बायका त्यावर चर्चा करत करत कैऱ्यांचं लोणचं घालत होत्या. सीमा आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर.

आणि आमच्या घरात एक वेगळाच तिढा होता, जो कुणाला ठाऊक नव्हता. नवऱ्याला मूल हवं होतं. मला नको होतं. मला मुलं आवडत नाहीत असं नव्हतं, क्लासमधली चाळीस कार्टी मी रोज प्रेमानं झोडपत होते. पण या जगात आणखी एक जीव आणायचा आणि त्याला सांगायचं काय? माझं वय तिशीच्या पुढं सरकत होतं, दोन्हीकडच्या आयांची पत्रं यायची, आणि आम्ही दोघं त्या विषयावर बोलायला बसलो की तो गप्प व्हायचा आणि मी भडकायचे. वर्षभर हेच चाललं होतं. तो उन्हाळा संपायच्या आत काय ते ठरवू, असं शेवटी आम्ही एकमेकांना कबूल केलं होतं.

अशात काकांनी रविवारचा विषय जाहीर केला. विज्ञान, शाप की वरदान. सगळे हसले. शाळेत हा निबंध लिहिला नाही असा मराठी माणूस नसेल, आणि शेवटी 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे' असं लिहून दहापैकी सात मार्क मिळवले नाहीत असाही नसेल. काका म्हणाले, ते वाक्य जो म्हणेल त्याला पोहे मिळणार नाहीत. मग त्यांनी बाजू वाटल्या. शाप माझ्याकडे, वरदान नवऱ्याकडे. त्यांना आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. जोडप्यांना एकमेकांसमोर उभं करायची त्यांना हौस होती, एवढंच.

मी तयारी करून गेले. कूलरमधून वाळ्याचा वास येत होता, बाहेर नऊ वाजताच गरम वाऱ्याची लू सुटली होती. मी बोलले ते असं: माणसाचा हात दर पिढीत लांब होत गेला, अक्कल आहे तिथंच राहिली. दगड फेकणाऱ्याला ज्याच्यावर दगड पडला त्याचा चेहरा दिसायचा, बॉम्ब टाकणाऱ्याला दिसत नाही. ज्यांनी अणू फोडला ती त्या काळातली सर्वांत शहाणी माणसं होती, आणि त्यांच्या शहाणपणानं काय वाचलं? गेल्या वर्षी विमानं इमारतींवर नेऊन आदळली. विमान उडवायला शिकण्यात किती पिढ्यांचं डोकं खर्ची पडलं होतं, आणि त्याचा असा उपयोग करायला एक सकाळ पुरली. मी रंगत गेले. आणि रंगता रंगता जे घरात बोलायचं ते तिथं बोलून गेले.

"हे सगळं ठाऊक असून जी माणसं मूल जन्माला घालतात," मी म्हणाले, "ती दुसऱ्याच्या जिवावर जुगार खेळतात."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

आता नियमाप्रमाणे त्यानं माझं म्हणणं मांडायचं होतं. त्यानं घसा साफ केला. माझ्याबद्दल त्याच्या तोंडून चार वाक्यांच्या वर कधी काही निघालं नव्हतं, त्यामुळे मी निवांत होते.

"हिनं निम्मंच सांगितलं," तो म्हणाला. "हिला बॉम्बची भीती वाटते ते खरं. पण त्याहून जास्त भीती या गोष्टीची वाटते की बॉम्बच्या मागचं गणित सुंदर आहे. ही ते फळ्यावर लिहिते तेव्हा हिच्या अंगावर काटा येतो. चार वर्षांपूर्वी पोखरणला चाचण्या झाल्या त्या दिवशी वर्गातली मुलं नाचत होती, आणि हिनं त्यांना साखळी प्रक्रिया इतकी छान समजावली की मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ही जेवली नाही. जे आपल्याला सगळ्यात सुंदर वाटतं त्यानंच सगळं संपणार असेल तर प्रेम कशावर करायचं, हा हिचा प्रश्न आहे. आणि मूल झालं तर ते हिच्यासारखंच प्रश्न विचारणारं होणार. ते एक दिवस विचारेल, आई, तुला माहीत होतं ना सगळं? हिला त्याच्यासमोर खोटं बोलता येणार नाही. म्हणून हिला मूल नको. मूल आवडत नाही म्हणून नव्हे. आत्ताच इतकं आवडतं म्हणून."

मी त्या दिवशी जेवले नव्हते हे याला आठवत होतं. मी त्याला तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं. जी गोष्ट मी स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितली नव्हती ती हा माणूस चार वर्षं सांभाळून होता, आणि आता ती सगळ्यांसमोर अशी मांडत होता, की वाटावं माझी बाजू घ्यायलाच आलाय. माझ्या अंगावर खरोखर काटा आला. समुद्राच्या वळ्यांवर हात ठेवला तेव्हा आला होता तसा. काकांनी विचारलं तेव्हा मी 'हेच' म्हणाले.

मग त्यानं आपली बाजू मांडली. त्यानं सगळ्यांना बाह्या वर करायला लावल्या. आमच्या वयाच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाच्या हातावर देवी काढल्याच्या गोल खुणा होत्या. कॉम्प्युटर कंपनीतल्या पोरांच्या हातावर काहीच नव्हतं, ती उशिरा जन्मलेली. त्यांना आधी कळेना की आम्ही काय शोधतोय. नवरा म्हणाला, माझ्या आत्याचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता आणि तिचा एक डोळा गेला होता. हजारो वर्षं हा रोग माणसांना मारत आला. आणि तो घालवला कुणी? जे दोन बलाढ्य देश एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते, त्यांनीच. एकानं लस पुरवली, दुसऱ्यानं माणसं आणि पैसा, आणि कितीतरी देशांच्या माणसांनी खेड्यापाड्यांत पायी जाऊन ती टोचली. मग तो आपल्या धंद्यावर आला. मृत्यूच्या दाव्याचा पैसा विमा उतरवणाऱ्याला कधीच मिळत नाही, म्हणाला. तो स्वतः नसेल त्या दिवसाची सोय करत असतो. माझ्याकडं येणारी प्रत्येक फाइल म्हणजे कुणीतरी आपण नसलेल्या जगाची केलेली काळजी आहे. ज्याच्या मागं कुणी नाही तो सहसा पॉलिसी घेत नाही. एवढं बोलून तो खाली बसला.

काकांनी बराच वेळ आपल्या हातावरच्या खुणा चोळल्या. म्हणाले, "अन् आपण या गोष्टी रोज अंगावर घेऊन फिरतो बाप्पा."

आता पाळी माझी. मी म्हणाले, यांचं म्हणणं असं की विज्ञानानं आजवर तारलं, म्हणून पुढंही तारेल. (घरी मी त्याला अरेतुरे करते, काकांसमोर मात्र त्याचा 'हे' व्हायचा.) त्यानं मान हलवली. नाही. मी पुन्हा मांडलं. यांचं म्हणणं असं की धोका आहे, पण माणसं शेवटी शहाणपणानं वागतील अशी आशा आहे. नाही. मला राग यायला लागला होता. यांचं म्हणणं असं की जग चांगलं आहे आणि मी उगाच घाबरते. तो हसला, पण म्हणाला, "अजून नाही." बँकवाल्या साहेबांना कोण आनंद झाला. त्यांनी मला पोह्यांची दुसरी बशी आणून दिली.

'हेच' मिळालं नाही तर उत्तर नाही. वाद पुढच्या रविवारवर गेला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. स्वतःच्या नवऱ्यानं चारचौघांत नापास केलेली बाई मी. ज्याला मी भिंत समजत होते त्यानं मला आरपार वाचलं होतं, आणि त्याच्या मनातलं एक वाक्य मला धड सांगता येत नव्हतं. सोमवारी मी सरळ विचारलं, काय राहिलं ते सांग ना. म्हणाला, मी सांगितलं तर त्याला काय अर्थ. मंगळवारी मी बोलणंच बंद केलं. त्यानं माझ्या वाटणीचीही भांडी घासून ठेवली, त्यामुळे तेही फार टिकलं नाही.

शनिवारी आम्ही सकाळी लवकर स्कूटरवरून बगरूला गेलो. माझ्या बहिणीला ठशांची छपाई केलेल्या चादरी हव्या होत्या. परत येताना अजमेर रोडवर पोलिसांनी सगळी वाहनं अडवली. फौजेचा ताफा यायचा होता. स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून आम्ही तिच्यावरच बसून राहिलो. जयपूरकडून ट्रक यायला लागले आणि पश्चिमेकडं जायला लागले. एकामागून एक, एकामागून एक. काहींवर जाळ्या टाकलेल्या, काहींच्या मागं ताडपत्रीत गुंडाळलेल्या तोफा. ट्रकमध्ये बसलेली पोरं माझ्या क्लासमधल्या पोरांपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी असतील. एकानं आमच्या मागच्या जीपमधल्या लहान मुलीला हात केला. बाकीची नुसती समोर बघत होती. धूळ इतकी की ट्रक दिसेनासे व्हायचे आणि नुसता आवाज उरायचा. इतकी ताकद एका रस्त्यावरून जाताना मी कधी पाहिली नव्हती. खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी मला नवलच वाटलं. एवढं सगळं माणसानं बनवलं.

माझा हात नवऱ्याच्या पाठीवर होता. आणि हाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं. घामानं शर्ट भिजला होता, पण अंग थरथरत होतं. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाला, ऊन. मी म्हणाले, तुला भीती वाटतेय.

ट्रक जातच होते. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"ते उद्या तू सांगायचंस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी काही तयारी केली नाही. काकांकडे गेलो, बसलो, आणि मी उभी राहिले.

"यांना माझ्याइतकीच भीती वाटते," मी म्हणाले. "कदाचित जास्त. मी बोलून मोकळी होते, हे होत नाहीत. जग वाचेल असं यांचं म्हणणं नाहीच. वाचेल की नाही ते कुणालाच माहीत नाही, असं यांचं म्हणणं आहे. लस घेऊन खेड्यात जाणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर एक पोर होतं. मागं कुणी असलं की माणसाला जगाकडं पाठ फिरवून बसता येत नाही. यांना मूल हवंय ते जगावर विश्वास आहे म्हणून नव्हे. जगाची काळजी करणं आपल्याला कधी सोडता येऊ नये, म्हणून."

तो चष्मा काढून पुसत बसला, मग खाली बघत 'हेच' म्हणाला. मला मेडल मिळाल्यासारखं वाटलं.

पण आता मला उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्याकडं उत्तर होतं. वादात दयामाया नाही. मी म्हणाले, ज्यांनी बॉम्ब बनवले त्यांच्या घरी मुलं नव्हती काय? जे युद्धाचे हुकूम देतात त्यांच्या मांडीवर नातवंडं खेळतात. आपल्या मुलाबाळांसाठीच लढतो आहोत असं सांगूनच प्रत्येक फौज निघते, सीमेच्या अलीकडची आणि पलीकडचीही. मागं कुणी असलं की माणूस जगाची काळजी करतो, हे खोटं. तो आपल्यामागच्या माणसांची काळजी करतो, आणि त्यापायी बाकीच्या जगाला आग लावायला तयार होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या की त्यांनाही एक सांगायचं आहे. इतक्या रविवारांत त्या कधी वादात पडल्या नव्हत्या.

"आम्हाला मूल नाही," त्या म्हणाल्या. "झालं नाही. म्हणून आम्ही जगाकडं पाठ फिरवली असं मला तरी वाटत नाही."

आवाजात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. काका त्यांच्याकडं बघत राहिले. बायकोनं एका वाक्यात एवढं मोठं काही सांगावं आणि आपण इतकी वर्षं दगडांचे थर वाचत बसावं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बोल बाबा. काय उत्तर आहे तुझं?"

नवऱ्यानं माझं म्हणणं पुन्हा मांडलं, काकूंचं त्याला जोडून. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. मग म्हणाला, याला माझ्याकडं उत्तर नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वाद मी जिंकले.

घरी निघालो. ऊन मरणाचं. मोती डुंगरीच्या अलीकडं उसाच्या रसाच्या गाड्यापाशी त्यानं स्कूटर थांबवली, दोन ग्लास सांगितले, आणि गाड्यावरच्या घुंगरांचा आवाज चालू असतानाच म्हणाला, "तुझं मला पटलं. खरंच पटलं. मुलाचा विषय मी आता काढणार नाही."

मग मला हसू फुटलं. इतकं की रसवाल्यानं चरक थांबवला.

"अरे, पण मला तुझं पटलंय," मी म्हणाले.

जगात नवराबायको भांडतात आणि आपापल्या जागी राहतात. आम्ही दोघांनी एकमेकांची बाजू इतकी मन लावून मांडली होती की कडेनं फिरून एकमेकांच्या जागी जाऊन उभे राहिलो होतो. वर्षभराचा तिढा जसाच्या तसा, फक्त टोकं उलटी. तो आता माझेच मुद्दे मला सांगायला लागला. तूच म्हणालीस ना, नातवंडं मांडीवर घेऊन हुकूम देतात. मी म्हणाले, म्हणाले, आणि ते बरोबरच आहे, त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. मग? त्याचा चेहरा इतका गोंधळलेला मी लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

मला ते युक्तिवादानं सांगता येत नव्हतं. म्हणून जसं होतं तसं सांगून टाकलं.

"तू गेल्या रविवारी माझ्याबद्दल बोललास ना," मी म्हणाले. "एका माणसाला दुसरं माणूस इतकं कळू शकतं हे मला माहीत नव्हतं. तसं तू आपल्या मुलाला ओळखशील. मला ते बघायचंय."

काकांचा नियम पाळायचा तर त्यानं आधी माझं म्हणणं मांडून दाखवायला हवं होतं. त्याला ते जमलं नाही. ग्लास धरलेला हात नुसता तसाच राहिला, आणि रसवाल्या भैयानं विचारलं, बर्फ और डालूँ क्या.

त्या वर्षी पाऊस फारसा झालाच नाही, पण युद्धही झालं नाही. दिवाळीच्या सुमारास फौजा मागं फिरल्या. दिवस गेल्याचं काकूंना मी सगळ्यांत आधी सांगितलं. त्यांना कसं वाटेल या विचारानं जीभ अडखळत होती, पण त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले आणि किती तरी वेळ सोडले नाहीत.

मुलगी पुढच्या एप्रिलमध्ये झाली. दवाखान्याच्या खोलीत वर कोपऱ्यात टीव्ही होता. त्या दिवसांत सगळ्या वाहिन्यांवर एकच होतं. दूरच्या एका देशातलं शहर, रात्रीचं हिरवट आभाळ, आणि त्यातून खाली येणारे उजेडाचे गोळे. काही वर्षांपूर्वी कुणीतरी कुठल्यातरी प्रयोगशाळेत अतिशय हुशारीनं केलेलं काम नेमकं नेम धरून पडत होतं. तिथंही दवाखाने असणार, तिथंही कुणी आजच जन्मलं असणार. माझा एकही मुद्दा खोटा पडला नव्हता. नवरा टीव्ही बंद करायला उठला. मी म्हणाले, राहू दे.

मुलगी माझ्या हातावर होती. तिचे डोळे अजून नीट कुठं लागत नव्हते, बोटं मात्र माझ्या बोटाभोवती घट्ट. नखं होती तिला, इतकी पातळ, आणि प्रत्येक बोटाला वेगळं नख. मी आयुष्यभर निसर्गाचे नियम शिकवत आले, आणि त्या नियमांतून हे असं निघतं याचा मला पत्ताच नव्हता. ती शिंकली. आम्ही दोघं दचकलो. वर ते शहर जळतच होतं, आणि माझ्या छातीत भीती दाटून आली. तिच्यासाठी, त्या शहरातल्या पोरांसाठी, ताफ्यातल्या त्या जवानांसाठी, सगळ्यांसाठी एकदम. इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती. आणि त्यातली तसूभरही मला कमी नको होती.